कॅलेंडरवरचा चंद्र आणि मामारी फळीवरचा चंद्र

देवनागरी अजिबात न येणाऱ्या माणसापुढे ‘कॅलेंडर’ हा शब्द ठेवून पाहा. पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर त्याला अर्धचंद्र दिसेल. शब्द दिवस मोजण्याबद्दलचा आहे एवढी कुणकुण लागली, तर तो लगेच म्हणेल की ही चंद्रकोर, म्हणजे महिना. मग त्याला ‘बँक’ दाखवा. कोर आणि तिच्या पोटात टिंब, म्हणजे चंद्र आणि शुक्राची युती. ‘टॅक्सी’, ‘मॅनेजर’, ‘कॅन्सर’, सगळीकडे त्याला चंद्र सापडत जाईल आणि दर वेळी तो एखादा आकाशातला अर्थ लावू शकेल. तो चंद्र म्हणजे नुसता एक स्वर आहे, हे आपल्याला माहीत असतं कारण आपल्याला भाषा येते. चित्र पाहून ते कधीच कळलं नसतं.

रापा नुई बेटावरच्या रोंगोरोंगो लिपीत ग्रहतारे, ग्रहणं, धूमकेतू शोधणाऱ्या बहुतेक लोकांचं नेमकं असंच झालं आहे. आणि तरीही याच न वाचलेल्या लिपीत, मामारी नावाच्या लाकडी फळीवर, एक जागा अशी आहे, जिथली चंद्रकोर खरोखरच चंद्रकोर आहे आणि तिथे महिन्याच्या रात्री मोजल्या आहेत. हे जवळपास सर्व गंभीर अभ्यासकांना मान्य आहे. एक अर्थ टिकला आणि बाकीचे का टिकले नाहीत, हे समजावून घ्यायचं तर त्या फळीकडे थोडं बारकाईने पाहावं लागतं.

फळ्या, झाड आणि उलटसुलट ओळी

रापा नुई म्हणजे ईस्टर बेट. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किमी पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात एकटं पडलेलं. तिथले रहिवासी पॉलिनेशियन. त्यांची भाषा ताहिती, माओरी, हवाईयन या भाषांची बहीण. १८६४ साली युजेन एरो या फ्रेंच धर्मबंधूने पहिल्यांदा कळवलं की इथल्या घराघरांत चिन्हं कोरलेल्या लाकडी फळ्या आहेत. दुर्दैवाने तोवर फार उशीर झाला होता. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी सुमारे दीड हजार माणसं पळवून नेली होती आणि परतलेल्या मूठभरांबरोबर देवीची साथ बेटावर आली. १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ माणसं उरली. फळ्या वाचू शकणारे लोक याच काही वर्षांत गेले.

आज जगभरातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम दोन डझन वस्तू उरल्या आहेत आणि त्यांवर सगळी मिळून सुमारे १५,००० चिन्हं. लिपी उलगडण्याच्या दृष्टीने हा साठा फार तुटपुंजा आहे. चिन्हं शार्कच्या दाताने किंवा ज्वालामुखी काचेच्या चिपेने कोरलेली असत. आपल्याला ज्या फळीत रस आहे ती ‘मामारी’. ती रोममध्ये एका ख्रिस्ती धर्मसंघाकडे आहे. लांबी सुमारे २९ सेंमी, रुंदी १९.५ सेंमी, जाडी अडीच सेंमी, दोन्ही बाजूंना प्रत्येकी १४ ओळी आणि मिळून सुमारे हजार चिन्हं. तिचं लाकूड आपल्या कोकणाला परकं नाही. बेटावर ज्याला ‘माकोई’ म्हणतात ते झाड म्हणजे आपल्याकडे खाडीकाठी उभं असणारं पिवळ्या फुलांचं भेंडीचं झाड, काही जण त्याला पारोसा पिंपळ म्हणतात.

वाचण्याची दिशा नीट समजून घ्या, कारण अर्ध्या चुका इथेच होतात. खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, डावीकडून उजवीकडे जायचं. ओळ संपली की फळी हातात अर्धी फिरवायची, म्हणजे वरची बाजू खाली. आता पुढची ओळ सुलटी दिसते आणि तीही डावीकडून उजवीकडेच वाचायची. त्यामुळे फळी न फिरवता पाहिली तर एकाआड एक ओळी डोक्यावर उभ्या असतात. छायाचित्र संगणकावर उघडून सरळ वाचत सुटणाऱ्याला निम्म्या ओळींतले पक्षी, माणसं, मासे उलटे दिसतात, आणि मग ‘उलटा मासा म्हणजे मावळता तारा’ असे अर्थ निघू लागतात. उलटा मासा या लिपीत खरोखर अर्थपूर्ण असू शकतो, पण तो ओळ सुलटी केल्यावरही उलटा असला तरच.

फळ्यांना ए, बी, सी अशी अक्षरं आणि चिन्हांना तीन आकडी क्रमांक जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी १९५८ मध्ये दिले. मामारी म्हणजे ‘सी’. तिच्या पहिल्या बाजूच्या ६व्या ओळीच्या मध्यापासून ९व्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचा भाग चांद्रमासाचा आहे, हेही पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. १९९० साली जाक गी या भाषाशास्त्रज्ञाने त्याची पूर्ण मांडणी केली. पुढचं विवेचन मुख्यतः गी यांच्या मांडणीला धरून आहे.

आधी यादी, मग चिन्हं

या उलगड्याचा पाया फळीवर नाहीच, तो बेटावरच्या लोकांच्या स्मरणात आहे. १८८६ मध्ये ‘मोहिकन’ या अमेरिकी नौदलाच्या जहाजावरचे विल्यम थॉमसन यांनी आणि १९३४-३५ च्या मोहिमेत आलेले आल्फ्रेड मेत्रो यांनी महिन्यातल्या प्रत्येक रात्रीचं नाव वेगवेगळं टिपून ठेवलं. फळ्यांवर काय लिहिलंय याच्याशी या नोंदींचा संबंध नव्हता. म्हणूनच त्या मोलाच्या आहेत.

यादी साधारण अशी जाते. अमावास्येनंतर आता आणि आरी. त्यानंतर सहा रात्रींना स्वतंत्र नावंच नाहीत, त्या नुसत्या मोजल्या जातात: कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरु, कोकोरे हा, कोकोरे रिमा, कोकोरे ओनो, म्हणजे पहिली कोकोरे ते सहावी कोकोरे. मग माहारू, ओहुआ, ओतुआ, माउरे, इना-इरा, राकाऊ. पौर्णिमेची रात्र ओमोतोही. त्यानंतर पुन्हा मोजलेल्या कोकोरे, पण या वेळी पाचच. मग तापुमे, मातुआ, रोंगो, रोंगो ताने, माउरी नुई, माउरी केरो, ओमुतू, तिरेओ. या २८ रात्री ठरलेल्या. शिवाय होतू आणि हिरो या दोन राखीव, गरज पडेल तशा घालायच्या.

ही नावं थॉमसन यांच्या कानांनी चुकीची ऐकली असतील का? तपासायला सोपा मार्ग आहे. हवाईमध्ये हजारो किलोमीटरवर याच रात्रींना हिलो, हुआ, अकुआ, होकू, लाआउ, लोनो, काने, माउली, मुकू म्हणतात. हवाईयन भाषेत जुन्या ‘त’चा ‘क’, ‘र’चा ‘ल’ आणि ‘ङ’चा ‘न’ होतो, हे लक्षात घेतलं की हिरो-हिलो, होतू-होकू, रोंगो-लोनो, ताने-काने या जोड्या आपोआप लागतात. माओरींकडेही व्हिरो, होतू, राकाऊनुई, ओरोंगोनुई, माउरी अशी नावं आहेतच. म्हणजे ही यादी एका माणसाच्या आठवणीवर उभी नाही, ती सगळ्या पॉलिनेशियाची जुनी ठेव आहे.

आता फळीकडे वळा. या भागात डावीकडे फुगीर असलेल्या २९ चंद्रकोरी आहेत आणि त्यांच्या मध्ये एक वेगळं चिन्ह: गोलात बसलेली आकृती. आपण चंद्रावर ससा पाहतो; रापा नुईचे लोक तिथे आकाशात उमू, म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, पेटवून बसलेली म्हातारी पाहत. ते चिन्ह तिचं, म्हणजे पौर्णिमेचं. २९ कोरी आणि एक पूर्णबिंब मिळून ३०. ठरलेल्या २८ आणि राखीव २, बेरीज तीच. त्या दोन राखीव कोरी अगदी शेवटी, वेगळ्या काढून ठेवलेल्या आहेत.

एवढ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. तीसचा आकडा योगायोगाने जुळू शकतो. खरी गंमत पुढे आहे.

काही कोरींच्या शेजारी आणखी एखादं चिन्ह जोडलेलं आहे. अशा कोरी सात. पण सलग सहा कोरी अगदी मोकळ्या आहेत, सोबत काही नाही. त्या ७व्या ओळीच्या आरंभी येतात. आणि पौर्णिमेच्या पलीकडे सलग पाच कोरी तशाच मोकळ्या आहेत, ७वी ओळ संपून ८वी सुरू होते तिथे. सहा आणि पाच. नाव नसलेल्या, नुसत्या मोजायच्या कोकोरे रात्री पौर्णिमेआधी सहा आणि नंतर पाच असतात, अगदी त्याच जागी. आकडा जुळला, क्रम जुळला आणि जिथे नाव नाही तिथे जोडचिन्हही नाही हेही जुळलं. फळी कोरणाऱ्याला थॉमसन यांची यादी ठाऊक असणं शक्य नव्हतं आणि यादी सांगणाऱ्यांना बार्थेल यांच्या खुणा. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात.

महिना आठ गटांत विभागलेला आहे. प्रत्येक गटाआधी चार चिन्हांची एक ठरावीक माळ येते. तिच्यात उजवीकडे फुगीर असलेल्या दोन कोरी असतात आणि शेवटी दोरीला लटकलेला मासा. पौर्णिमेआधीच्या चारही माळांत माशाचं डोकं वर. पौर्णिमेनंतरच्या चारही माळांत डोकं खाली. आठपैकी आठ वेळा. शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष. ओळी ६ ते ९ आलटून पालटून फिरवाव्या लागतात हे आठवा, म्हणजे फळी फिरवण्यातल्या चुकीने ही रचना कशी विस्कटते आणि बरोबर फिरवल्यावर कशी लख्ख दिसते ते कळेल.

राखीव रात्री कशाला?

पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला हा भाग इतरांपेक्षा लवकर कळेल.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. ठरलेल्या रात्री २८ असतील तर दर महिन्याला कधी एक, कधी दोन रात्री वाढवाव्याच लागणार, म्हणजे महिना २९ किंवा ३० रात्रींचा. आलटून पालटून वाढवत गेलं तर दोन महिन्यांत ५९ रात्री होतात, प्रत्यक्षात हवेत ५९.०६. सरासरीसाठी हे पुरेसं आहे. पण आकाशातला चंद्र सरासरीने चालत नाही.

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो पृथ्वीजवळ, सुमारे ३,५६,५०० किमीपर्यंत येतो तेव्हा भराभर चालतो. लांब, सुमारे ४,०६,७०० किमीपर्यंत जातो तेव्हा रेंगाळतो. आपल्याकडे तिथीचा क्षय आणि वृद्धी याच कारणाने होते. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र वेगात असेल तर हे अंतर सुमारे २० तासांत कापलं जातं, मंद असेल तर जवळजवळ २७ तास लागतात. सूर्योदय मात्र २४ तासांनीच येतो, म्हणून कधी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच संपून जाते, तर कधी दोन सूर्योदय गिळते.

याचाच परिणाम म्हणजे अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा काळ कधी जेमतेम चौदा दिवसांचा, कधी साडेपंधरा दिवसांचा. चंद्र शुक्ल पक्षात रेंगाळला तर पौर्णिमा उशिरा येणार. तेव्हा वाढीव रात्र पौर्णिमेच्या आधी घालायला हवी. कृष्ण पक्षात रेंगाळला तर नंतर. गी यांचा अंदाज असा की फळीवर नुसती रात्रींची यादी नाही. राखीव रात्र कधी आणि कुठे घालायची याचा नियमही तिथे आहे. त्याला त्यांनी पुरावा दिला तो दोन छोट्या कोरींचा. पौर्णिमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, ओळीच्या जरा वर, अर्ध्या आकाराची कोर कोरलेली आहे. लहान कोर म्हणजे लहान दिसणारा, अर्थात लांब गेलेला चंद्र. आणि गटांआधीची माळ म्हणजे ‘आता चंद्राचं माप घ्या’ अशी सूचना.

ही कल्पना सुंदर आहे, पण आधीच्या भागाइतकी भक्कम नाही, हे वेगळं सांगायला हवं. नुसत्या डोळ्यांनी हे माप घेता येतं का, ते आकड्यांत पाहू. चंद्रबिंबाचा कोनीय व्यास साधारण २९.४ ते ३३.५ कलांच्या (एका अंशाच्या ६० कला) दरम्यान बदलतो. डोळ्यांपासून ६५ सेंमीवर, हात लांब करून, एक काडी धरली तर लहान चंद्र त्या काडीवर साडेपाच मिलिमीटर भरेल आणि मोठा सव्वासहा. फरक पाऊण मिलिमीटरचा, तोही दोन टोकांमधला. हात दोन-तीन सेंमी पुढेमागे झाला तर त्या फरकाचा बराचसा भाग त्यातच जातो. काडीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक दातांत धरलं, म्हणजे अंतर कायम ठेवलं, तर मात्र माप जमू शकतं. चंद्र पूर्ण नसला तरी अडत नाही, कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी बिंबाच्या व्यासाइतकीच असते. तेव्हा अशक्य नाही. पण बेटावर असं माप घेत असत याची साक्ष देणारी वेगळी नोंद मिळत नाही, आणि कोकोरे रात्रींना जसा बाहेरचा साक्षीदार मिळाला तसा छोट्या कोरींना मिळालेला नाही. रात्रींची मोजणी जवळपास निश्चित, राखीव रात्रीच्या नियमाचा तपशील शक्य कोटीतला: दोन्ही एका तराजूत टाकू नयेत.

इतका सोपा चंद्र, आणि तरी हुकला

ताहितीचे बिशप तेपानो जोसां यांना १८६८ मध्ये बेटावरून भेट आली: केसांची लांबलचक दोरी, आणि ती गुंडाळली होती रोंगोरोंगोच्या फळीवर. त्यांनी पुढे ताहितीत राहणाऱ्या मेतोरो या रापा नुईच्या माणसाला फळ्या वाचायला बसवलं. मेतोरो गात गेला, बिशप लिहीत गेले. ही टिपणं कितीतरी वर्षं लिपीची किल्ली मानली जात होती. मामारीवर येऊन पाहिलं तर मेतोरोने चंद्राच्या रात्रींच्या ओळी उलट्या दिशेने म्हटल्या आणि पौर्णिमेचं चिन्ह त्याने ओळखलंच नाही. तो एकेक चित्र पाहून त्याचं वर्णन गात होता. थॉमसन यांच्या वेळी उरे वाए इको या वृद्धाने फळ्यांची छायाचित्रं पाहून सुरेल पाठ म्हटले, पण छायाचित्र बदललं तरी पाठ तोच चालू राहिला.

या दोघांना खोटं ठरवण्यात मला रस नाही. गावातली सगळी जाणती माणसं गेल्यावर मागे राहिलेल्याला जेवढं आठवतं तेवढं त्यांनी दिलं, आणि उरे वाए इकोचे पाठ स्वतःत अनमोल आहेत. पण त्यांच्या आधारावर ‘अमुक चिन्ह म्हणजे तारा’ असं म्हणता येत नाही. आजही अनेक दावे शेवटी मेतोरोच्याच शब्दांवर येऊन टेकतात, म्हणून दावा वाचताना हे मूळ आधी शोधावं.

एखादा खगोलीय दावा हातात आला तर

सुरुवात रेखाटनापासून करा. बार्थेल यांची रेखाटनं आणि नंतरच्या अभ्यासकांची रेखाटनं काही ठिकाणी जुळत नाहीत. लाकूड कुजलेलं, किडलेलं, जळकं आहे. चिन्हाच्या पोटातलं टिंब किड्याचं भोक आहे की कोरलेलं, हे छायाचित्र किंवा त्रिमितीय स्कॅन पाहिल्याशिवाय ठरवू नये. तारा मानलेलं टिंब असं भोक निघालं तर पुढचं सगळं वाया.

त्यानंतर जोडाक्षरं फोडा. रोंगोरोंगोत चिन्हं एकमेकांना चिकटतात. बार्थेल यांच्या यादीत सुमारे ६०० क्रमांक आहेत, पण त्यातले बरेचसे जोड आहेत. कॉन्स्टांटिन आणि इगोर पोझ्नियाकोव यांनी २००७ मध्ये दाखवलं की ५२ मूळ चिन्हांत जवळपास सगळा साठा बसतो. हे खरं मानलं तर लिपी बऱ्याच अंशी अक्षरोच्चारांची असू शकते, आणि मग चित्रावरून अर्थ लावणं म्हणजे ‘बँक’मध्ये चंद्र शोधणं झालं. उलट, चिन्हं शब्दचित्रं असतील तर ५२ वस्तूंत सगळं सांगावं लागेल. दावा करणाऱ्याने यातलं काय गृहीत धरलंय ते तरी स्पष्ट असावं.

मग समांतर मजकुरात पाहा. एच, पी आणि क्यू या तीन फळ्यांवर एकच मजकूर आहे, हे लेनिनग्राडमधल्या बोरिस कुद्र्यावत्सेव या शाळकरी मुलाने शोधून काढलं. त्याचं काम त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये छापून आलं. एकच वाक्य तीन जणांनी लिहिलं की कुठली चिन्हं एकमेकांच्या जागी चालतात ते आपोआप उघडं पडतं. कोणी म्हणत असेल की एक चिन्ह शुक्र आणि दुसरं व्याध, आणि या तीन फळ्यांत ती दोन चिन्हं एकमेकांच्या जागी येत असतील, तर दावा तिथेच संपतो. माझ्या मते ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्दय कसोटी आहे, आणि बहुतेक जण हीच टाळतात.

ग्रहणांच्या दाव्यांत आकडेमोड करून पाहावी. एका ठिकाणाहून खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसतं. रापा नुईवरून ११ जुलै २०१० ला दिसलं होतं. पण खंडग्रास ग्रहण कुठल्याही गावाहून दर दोन-तीन वर्षांनी दिसतं. तीनशे वर्षांच्या खिडकीत शंभराहून जास्त तारखा झाल्या. ‘या ओळीत ग्रहणाचा उल्लेख आहे आणि संगणकात त्या सुमारास ग्रहण सापडलं’ याला म्हणून काहीच वजन नाही. ते सापडलं नसतं तरच नवल होतं. असंच ताऱ्यांचं. गोलसर वीस चिन्हांपैकी कुठलंही, ठळक दहा ताऱ्यांपैकी कोणताही, बारा महिन्यांपैकी कधीही उगवताना चालणार असेल तर जुळवाजुळवीच्या २,४०० वाटा मोकळ्या राहतात. एखादी लागणारच. मामारीवर असं स्वातंत्र्य नव्हतं: सहा म्हणजे सहा, पाच म्हणजे पाच, ठरलेल्या जागी.

एका प्रसिद्ध दाव्याचा भारताशी थेट संबंध आहे. १९३२ मध्ये गिय्योम द हेवेशी यांनी पॅरिसमध्ये मांडलं की सिंधू लिपीतली आणि रोंगोरोंगोतली अनेक चिन्हं सारखी आहेत. मोहेंजोदडो आणि रापा नुई पृथ्वीगोलावर जवळजवळ नेमक्या विरुद्ध टोकांना आहेत, त्यामुळे दोन ठिकाणं याहून लांब असू शकत नाहीत. सिंधू नगरं ओस पडण्याच्या आणि पॉलिनेशियन लोक या बेटावर पोहोचण्याच्या मध्ये तीन हजार वर्षं गेली. मेत्रो यांनी हा दावा खोडून काढला. माणूस, मासा, काडी यांची साधी रेखाटनं शेकड्याने शेजारी मांडली की काही सारखी दिसणारच. तरी हा धागा आजही नव्याने विणला जातो, विशेषतः माशावरून. सिंधू लिपीतला मासा म्हणजे तारा, हे अस्को पार्पोला यांचं अनुमान द्रविड भाषांवर उभं आहे, कारण तिथे ‘मीन’ या उच्चाराचे मासा आणि तारा असे दोन्ही अर्थ होतात. रापा नुई भाषेत मासा म्हणजे ‘इका’ आणि तारा म्हणजे ‘हेतूऊ’. दोन्ही उच्चार कुठेच जुळत नाहीत. मग मामारीवरच्या माशाला तारा म्हणायला आधार काय उरला? तिथे मासा तारा नाही, तो फक्त डोकं वर किंवा खाली करून पंधरवडा दाखवतो आहे.

वयाचा घोळ

लिपी युरोपीय येण्यापूर्वीची की नंतरची, यावरही कालगणनेचे दावे अवलंबून असतात. कोणी जुन्या ग्रहणाची तारीख दाखवून फळीचं वय काढतं. लाकडाचं वय हा वेगळा पुरावा आहे, पण तोही जपून वापरावा लागतो. २०२४ मध्ये रोममधल्या चार फळ्यांचं किरणोत्सारी कार्बनने वय काढलं गेलं. तीन फळ्यांचं लाकूड १८व्या-१९व्या शतकातलं निघालं आणि एकीचं साधारण १४९३ ते १५०९ च्या दरम्यानचं, म्हणजे १७२२ मध्ये डच जहाज येण्याच्या दोनशे वर्षं आधीचं. ही एक फार महत्त्वाची बाब आहे. पण कार्बन सांगतो तो झाड तोडल्याचा काळ. चिन्हं नंतर कधीही कोरलेली असू शकतात, आणि त्या जुन्या फळीचं लाकूड बेटावरच्या झाडाचं नाही. समुद्रावर वाहून आलेलं लाकूड किती वर्षं किनाऱ्यावर पडून होतं, कोण सांगणार? ‘ताहुआ’ ही दुसरी फळी तर युरोपीय जहाजाचं वल्हं आहे, तेव्हा ती १७२२ च्या आधीची असूच शकत नाही. तिच्यावर १५व्या शतकातलं ग्रहण नोंदलंय असं कोणी म्हणत असेल तर तो मजकूर जुन्या फळीवरून उतरवला होता, एवढं आधी सिद्ध करावं लागेल.

९व्या ओळीपुढे

मामारीवरचा हा भाग ‘समजला’ आहे पण ‘वाचता’ येत नाही. भिंतीवरच्या परक्या भाषेतल्या दिनदर्शिकेसारखं ते आहे: सातांचे रकाने दिसतात, ३० आणि ३१ कळतात, पण महिन्याचं नाव उच्चारता येत नाही. कोरींजवळच्या जोडचिन्हांचे काही उच्चार गी यांनी रात्रींच्या नावांवरून सुचवले आहेत. हे उच्चार खरे असतील तर तीच चिन्हं दुसऱ्या फळ्यांवर त्याच उच्चाराने बसली पाहिजेत. ते अजून कोणाला पटण्याजोगं दाखवता आलेलं नाही.

वाद राहिला आहे तो राखीव रात्रींच्या नियमाचा. २००६ मध्ये गॉर्डन आणि मायकेल बर्थिन यांनी सुचवलं की तो नियम या कोरींच्या मध्ये नाहीच, तर कोरी संपल्यावर पुढे जी चिन्हं येतात त्यांत आहे. म्हणजे आधी सगळी यादी आणि मग ती वापरायची रीत. दोन्ही मतं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, त्यामुळे निवाडा करण्याची वाट तरी आहे. चंद्राचं स्थान कुठल्याही जुन्या रात्रीसाठी आज गणिताने काढता येतं. दोन्ही नियम शंभर वर्षांच्या चांद्रमासांवर चालवून पाहायचे: कुठला नियम पाळला असता तर ओमोतोहीची रात्र खरोखरच्या पौर्णिमेवर जास्त वेळा पडली असती, आणि नुसतं एकाआड एक २९ व ३० रात्री मोजणाऱ्या माणसापेक्षा त्या नियमाने किती फरक पडला असता? नियमाने काहीच फरक पडत नसेल, तर त्या दोन छोट्या कोरी तिथे कशासाठी कोरल्या, याचं दुसरं कारण शोधावं लागेल.